नवी किडनी शरीर का नाकारतं?

घरातल्या कुणाचा रक्तगट रुग्णाशी जुळला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पण शरीर त्याहून बारीक ओळख तपासतं. आपल्या पेशींवर एचएलए नावाची प्रथिनं असतात. त्यांचा अर्धा संच आईकडून येतो, अर्धा वडिलांकडून. म्हणून सख्ख्या भावंडांत तो पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, अर्धा जुळण्याची ५० आणि अजिबात न जुळण्याची २५ टक्के असते. बॉस्टनमध्ये १९५४ साली जोसेफ मरे यांनी केलेलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण टिकलं, कारण दाता आणि रुग्ण एकसारखे जुळे भाऊ होते.

आज औषधांमुळे संच न जुळणारी किडनीही वर्षानुवर्षं चालते. खरा धोका असतो तो आधीच तयार झालेल्या अँटीबॉडींचा, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांचा. परक्या पेशींशी पूर्वी संबंध आला असेल, तर रक्तात त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार असू शकतात. हा संबंध तीन वाटांनी येतो: रक्त चढवणं, आधीचं प्रत्यारोपण आणि गरोदरपण. बाळाचा अर्धा संच वडिलांचा असल्यामुळे कधी कधी आईच्या रक्तात नवऱ्याच्या एचएलएविरुद्धच अँटीबॉडी बनलेल्या असतात. मग नवरा किडनी द्यायला तयार असूनही रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्ध अँटीबॉडी आहेत का हे पाहणारी क्रॉसमॅच चाचणी ‘नको’ म्हणते. आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत बायका पुढे असतात. त्यांच्यापैकी कुणावर घेण्याची वेळ आली तर हे जास्तीचं ओझं तिच्या वाट्याला येतं, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं.

रक्त चढवल्यानेही अँटीबॉडी बनू शकतात, म्हणूनच डायलिसिसवरच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन घसरलं, तर लोह आणि एरिथ्रोपोएटिन या तांबड्या पेशी वाढवणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनांनी भागतंय का, हे आधी पाहावं. जीव वाचवायला रक्त लागलं तर ते द्यायलाच हवं, पण ‘जरा अशक्तपणा वाटतोय’ एवढ्यासाठी रक्ताची बाटली लावू नये.

मेंदूमृत दात्याची किडनी बर्फात जितका जास्त वेळ राहते, तितकी ती उशिरा कामाला लागते आणि रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने ती नाकारण्याचा, धोकाही वाढतो.

प्रत्यारोपणानंतर रिजेक्शनचं सर्वांत टाळता येण्याजोगं कारण म्हणजे चुकलेली गोळी. टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी वारंवार खाली गेली, तर शरीर नव्या अँटीबॉडी बनवू लागतं. २०१९च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरच्या शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता. ही औषधं प्रत्येक गावच्या दुकानात मिळत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ-करवीरच्या पूरपट्ट्यातल्या रुग्णाने जूनमध्येच महिनाभराचा जादा साठा घरात ठेवावा, तोही पाणी चढलं तर उचलून नेता येईल अशा डब्यात.

दुसरा धोका इतर औषधांचा. क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनमुळे यकृत टॅक्रोलिमस झपाट्याने संपवतं आणि पातळी कोसळते. म्हणून गावातल्या कोणत्याही डॉक्टरला प्रत्यारोपणाचं आधी सांगावं. प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे आणि गुळवेल शेजारच्या काकूंनी कितीही मायेने दिले, तरी घेऊ नयेत. इथे ती शक्ती मुद्दाम दबलेलीच ठेवायची असते.

रिजेक्शन पुष्कळदा दुखत नाही. लघवी कमी होणं, पायाला सूज, ताप ही लक्षणं येतात किंवा येतही नाहीत, फक्त रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) चढतं. म्हणून बरं वाटत असतानाही ठरलेल्या तारखेला रक्त तपासायचं. संशय आला की बायोप्सी होते, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासतात. लवकर सापडलेलं तीव्र रिजेक्शन पुष्कळदा स्टेरॉइडच्या मोठ्या डोसने आटोक्यात येतं. अँटीबॉडींमुळे झालेलं मात्र जास्त चिवट असतं.