हॉथॉर्नचे दिवे, अहमदाबादचे माग आणि आपला ओबीचा पेपर

पुण्यात एमबीए करणाऱ्या कुणालाही विचारा, पहिल्या सेमिस्टरला ओबी म्हणजे ऑर्गनायझेशनल बिहेवियर, कामाच्या ठिकाणी माणसं कशी वागतात याचा अभ्यास असतो, आणि बहुतेकांच्या दृष्टीने तो पाठांतराचा पेपर. मास्लोचा माणसाच्या गरजांचा पिरॅमिड काढायचा, माणसाला कामात काय समाधान देतं आणि काय असमाधान याचे हर्झबर्गचे दोन फॅक्टर लिहायचे, हॉथॉर्नवर चार ओळी, झाला पास. मग हीच मुलं हिंजवडी नाहीतर खराडीला एचआरमधे लागतात, एंगेजमेंट सर्व्हे पाठवतात, अप्रेझलचे फॉर्म भरून घेतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण या विषयाचा इतिहास जिवंत माणसांनी भरलेला आहे आणि कुणी कुणाला तपासलं, कशासाठी तपासलं हे कळल्याशिवाय त्यातले निष्कर्ष नीट कळतच नाहीत.

सुरुवात टेलरपासून करावी लागते. फ्रेडरिक टेलर इंजिनिअर होता, मनाबिनाशी त्याला फार देणंघेणं नव्हतं, हातात स्टॉपवॉच घेऊन कामाचे तुकडे पाडायचे आणि सगळ्यात जलद पद्धत शोधायची हा त्याचा मार्ग. १९११ सालच्या पुस्तकात त्याने बेथलेहेम स्टीलचं उदाहरण दिलंय, लोखंडाचे ठोकळे वॅगनमधे भरणारा मजूर दिवसाला साडेबारा टन भरायचा तो साडेसत्तेचाळीस टन भरायला लागला, आणि मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट झाली. म्हणजे काम जवळपास चौपट आणि पैसे साठ टक्क्यांनी जास्त. त्या मजुराला काय वाटलं हा प्रश्न त्या हिशोबात नव्हताच. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पुढे जो टाइम स्टडी आला त्याचं मूळ इथलं.

मग हॉथॉर्न. शिकागोला लागून सिसेरो गाव आहे, तिथे वेस्टर्न इलेक्ट्रिकचा टेलिफोनचं सामान बनवणारा अवाढव्य कारखाना होता, त्याचंच नाव हॉथॉर्न. १९२४ मधे तिथे प्रयोग सुरू झाले ते साध्या प्रश्नाने, उजेड वाढवला तर उत्पादन वाढतं का? गोष्ट अशी सांगतात की उजेड वाढवला तर उत्पादन वाढलं आणि कमी केला तरी वाढलं, म्हणजे आपल्याकडे कुणी लक्ष देतंय एवढ्यानेच माणसं जास्त काम करतात. आपल्या नोट्समधे असतं ते एवढंच. पण २०११ मधे लेविट आणि लिस्ट या दोन अर्थतज्ज्ञांनी उजेडाच्या प्रयोगांचे जुने आकडे शोधून परत तपासले तेव्हा हा परिणाम त्यात फारसा स्पष्ट दिसलाच नाही. १९२७ पासून पाच मुलींना वेगळ्या खोलीत बसवून रिले (टेलिफोनमधले छोटे स्विच) जोडायला लावले, मधल्या सुट्ट्या दिल्या, दिवस छोटा केला, उत्पादन चढत गेलं हे खरं. पण त्यांचा मोबदलाही त्या छोट्या गटाच्या कामावर ठरायला लागला होता, शिवाय मधेच दोन मुली फार बोलतात आणि सहकार्य करत नाहीत म्हणून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या आणल्या. हे दोन्ही बाजूला ठेवून सगळं श्रेय 'आपुलकी'ला देणं मला पटत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे एल्टन मेयो, मूळचे ऑस्ट्रेलियन, त्यांनी मात्र ह्याच प्रयोगांतून मानवी संबंधांचा विचार जगभर नेला, आणि मॅनेजरच्या शिक्षणात मानसशास्त्राची जागा पक्की होत गेली ती तिथून.

माझ्या मते हॉथॉर्नमधलं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण सगळ्यात कमी शिकवलं जातं. १९३१-३२ मधे, मंदीच्या काळात, चौदा पुरुष कामगारांच्या एका खोलीत एक निरीक्षक नुसता बसून बघत होता. तिथे दिसलं की दिवसाचं किती काम 'बरोबर' हे कामगारांनी आपसात ठरवलेलं होतं, कंपनीचं टार्गेट काही का असेना. जो जास्त काढेल त्याची टिंगल, आणि तरी ऐकलं नाही तर दंडावर एक गुद्दा. कमी काढणाराही चालत नव्हता, साहेबाकडे चुगली करणारा तर अजिबात नाही. इन्सेन्टिव्ह असूनसुद्धा माणसं हात आखडतात हे संशोधकांना कोडं वाटलं, त्यांनी ते भावनेच्या खात्यात टाकलं. माझे एक काका चिंचवडला मशीन शॉपला होते, त्यांना मी हे सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. म्हणाले, "एकाने जास्त काढलं की उद्या तेच सगळ्यांचं टार्गेट होतं, मग नगामागचा रेट कापतात. टाइम स्टडीवाला आला की हात आपोआप हळू चालतो." आणि हॉथॉर्नच्या त्या खोलीचा शेवटही बघा, १९३२ मधे कामच उरलं नाही म्हणून निरीक्षण बंद करावं लागलं. ज्यांना नोकरी जायची भीती होती त्यांची भीती खरी होती, त्यात कसली अतार्किक भावना.

आता आपल्या देशात यायचं तर अहमदाबादला जावं लागेल. १९४७ मधे विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने अटीरा ही गिरण्यांसाठीची संशोधन संस्था निघाली आणि तिथे कमला चौधरी यांनी गिरणीकामगार, सुपरवायझर यांच्या मानसिकतेचा अभ्यास सुरू केला. १९५३ मधे लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस कॅलिको मिलमधे आले. तिथे नवीन ऑटोमॅटिक माग बसवले होते तरी उत्पादन काही मनासारखं वाढत नव्हतं. राइस यांनी पाहिलं की कामाचे इतके तुकडे झालेत की कोण कुणाबरोबर काम करतोय हेच कुणाला कळत नाही, एक माणूस या मागाला, दुसरा त्या मागाला, टीम अशी नाहीच. त्यांनी सुचवलं की ठरावीक मागांचा एक संच एका छोट्या गटाकडे द्यावा आणि त्या संचाची जबाबदारीही त्याच गटाची. कामगारांनी ही कल्पना लगेच उचलून धरली आणि गट स्वतःच पाडले. हे इथलं, भारतातल्या मिलमधलं काम आहे, जगभरच्या ओबीच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख येतो, आणि आपल्या मुलांना शिकागो माहीत असतं, कॅलिको नाही! कमला चौधरी पुढे १९६१ मधे सुरू झालेल्या आयआयएम अहमदाबादच्या अगदी सुरुवातीच्या फॅकल्टी, आणि त्या संस्थेच्या उभारणीत हार्वर्ड बिझनेस स्कूलची साथ होती, म्हणजे अहमदाबादचा आणि हार्वर्डचा, दोन्ही धागे तिथे जुळले. पुण्यात मंगळदास रोडवर टाटांचं मॅनेजमेंट ट्रेनिंग सेंटर आलं तेही १९६६ मधे, त्याच लाटेत.

पण मानसशास्त्रज्ञ बिझनेस स्कूलमधे एवढ्या संख्येने कसे काय गेले? १९५९ मधे अमेरिकेत फोर्ड फाउंडेशन आणि कार्नेगी कॉर्पोरेशन यांच्या पैशाने दोन मोठे रिपोर्ट निघाले, दोन्हीत बिझनेस शिक्षणावर सडकून टीका होती की हे फार उथळ आहे, संशोधन नाही, शास्त्र नाही. मग पैसा आला आणि अर्थतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ यांची भरती झाली. माणसं निर्णय कसे घेतात याचा अभ्यास करणारे हर्बर्ट सायमन पिट्सबर्गला आधीच होते. सायमन यांची सुरुवात मला फार आवडते. १९३५ मधे विशीच्या आत असताना ते मिलवॉकी शहरातल्या मुलांच्या मैदानांचं बजेट बघायला गेले, मैदान सांभाळणारं खातं वेगळं आणि तिथले खेळ चालवणारं वेगळं, पैसे कुठे किती टाकायचे यावर दोघांची तोंडं दोन दिशांना. पुस्तकातल्या अर्थशास्त्राप्रमाणे कुणी बारीक हिशोब करतच नव्हतं, प्रत्येकजण आपल्या खात्याच्या चष्म्यातून बघत होता. यातूनच पुढे त्यांनी मांडलं की माणसाची माहिती, वेळ, डोकं सगळंच मर्यादित असतं, म्हणून तो सर्वोत्तम शोधत बसत नाही, पुरेसं चांगलं सापडलं की थांबतो. १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

निर्णयातल्या चुकांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ काह्नमन आणि ट्वर्स्की यांच्यावर इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात उरकतो, १९७४ आणि १९७९ चे त्यांचे दोन पेपर, तोटा फायद्यापेक्षा जास्त टोचतो हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं, आणि २००२ चं नोबेल काह्नमन यांना, ट्वर्स्की १९९६ मधेच गेले होते. ऑफिसच्या दृष्टीने मला बॅरी स्टॉ या संशोधकाचा १९७६ चा प्रयोग जास्त जवळचा वाटतो. बिझनेसच्या विद्यार्थ्यांना कंपनीचा संशोधनाचा पैसा कुठल्या विभागात घालायचा ते ठरवायला लावलं, मग काहींना सांगितलं की तुमचा निर्णय फसलाय. ज्यांनी पहिला निर्णय स्वतः घेतला होता त्यांनीच त्या फसलेल्या विभागात आणखी जास्त पैसे ओतले. आता आपल्याकडे काय होतं, ज्याने सॉफ्टवेअरचा व्हेंडर निवडला त्यालाच वर्षभराने रिव्ह्यूला बसवतात, आणि तो म्हणतो अजून एक फेज करूया. तो माणूस वाईट नसतो, त्याला तिथे बसवणं चूक असतं.

भावनांचा अभ्यास मात्र खूप उशिरा आला, आणि एक मोठा धक्का बिझनेस स्कूलच्या बाहेरून आला. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मधे डेल्टा एअरलाइन्सच्या हवाई सुंदरींबद्दल लिहिलं की त्यांचं हसू हा पगाराचा भाग आहे, आणि आतून काही वेगळं वाटत असताना ते हसू दिवसभर टिकवणं हेसुद्धा श्रमच. पुण्यात कल्याणीनगर, मगरपट्ट्यात रात्री दोन वाजता हेडसेट लावून परदेशी ग्राहकाच्या शिव्या ऐकत "आय अंडरस्टँड, सर" म्हणणारी मुलं-मुली मी बघितलीत, सकाळी कॅबमधून उतरताना घरच्यांशी एक शब्द बोलायची ताकद नसते त्यांच्यात, आणि घरचे म्हणतात बसूनच तर काम असतं.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलच्या टीम बघितल्या. अपेक्षा होती की चांगल्या टीमकडून औषधांच्या चुका कमी होतील, आकडे उलटे आले, चांगल्या टीममधे चुका जास्त! मग लक्षात आलं की तिथे माणसं चूक बिनधास्त सांगतात, दुसरीकडे लपवतात. १९९९ च्या त्यांच्या पेपरनंतर 'सायकॉलॉजिकल सेफ्टी', म्हणजे चूक सांगितली तरी आपल्याला त्रास होणार नाही हा विश्वास, सगळ्यांच्या स्लाइडवर आली. पण रोजच्या छोट्या स्टँड-अप मीटिंगला "एनी इश्यूज?" विचारल्यावर सगळे गप्प बसत असतील तर तिथे इश्यू नाहीत असं समजायचं कारण नाही.

या सगळ्याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. २०१५ मधे मानसशास्त्रातले शंभर अभ्यास परत करून बघितले तर जेमतेम ३६ टक्क्यांत मूळच्यासारखा ठोस निकाल आला. फॉर्मवर सही खाली न घेता वर घेतली तर लोक जास्त खरं लिहितात असा २०१२ चा एक गाजलेला पेपर होता, तो २०२१ मधे मागे घ्यावा लागला, कारण त्यातला डेटा बनावट निघाला. प्रामाणिकपणावरच्या पेपरात हे व्हावं याचा मला खरंच राग आला. पण ते उघडकीला आणलं तेही संशोधकांनीच, आकड्यांच्या फाइली उघडून.

आपल्या एमबीएच्या मुलांना समर प्रोजेक्ट असतो, आणि दरवर्षी ढिगाने विषय येतात 'एम्प्लॉयी सॅटिस्फॅक्शन'. वीस प्रश्नांचा गूगल फॉर्म, मित्रांच्या ग्रुपवर टाकला, पाय चार्ट काढला, बाइंडिंग केलं. हॉथॉर्नमधे १९२८ पासून वीस हजारांवर लोकांच्या मुलाखती झाल्या, त्यातही सुरुवातीला ठरावीक प्रश्नच होते. पण लोक विषय सोडून दुसऱ्याच गोष्टी बोलायला लागले, घरचं, तब्येतीचं, फोरमनचं, तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांनी प्रश्नांची यादी बाजूला ठेवली आणि नुसतं ऐकायचं ठरवलं, अर्ध्या तासाची मुलाखत तास-दीड तासावर गेली. भोसरीच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमधे जाऊन एका विद्यार्थ्याने दहा माणसांशी असं तास-तासभर बोलून, नावं गाळून, जसंच्या तसं लिहून आणलं तर मी तो प्रोजेक्ट आनंदाने वाचेन, आणि त्यात पाय चार्ट नसला तरी गाइडने पूर्ण मार्क द्यावेत.