लष्करी प्रशासन आणि आंतरराष्ट्रीय देखरेखीखालचे हंगामी प्रशासन : पोलीस ॲक्शननंतरच्या मराठवाड्यावरून एक उलगडा

मुक्तिसंग्राम दिनाच्या आठवड्यात स्पर्धा परीक्षेच्या सराव उत्तरपत्रिका तपासत होतो. पोलीस ॲक्शननंतरच्या मराठवाड्यावरील प्रश्नाला एका विद्यार्थिनीने लिहिले होते की, सप्टेंबर 1948 पासून डिसेंबर 1949 पर्यंत हैदराबाद संस्थानात ‘संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली हंगामी सरकार’ होते. वाक्य चुकीचे आहे, परंतु ते कशातून जन्मले हे सहज समजते. हैदराबादचा प्रश्न सुरक्षा परिषदेत गेला होता, त्यानंतर इथे काही काळ निवडून न आलेले तात्पुरते सरकार होते, आणि कोसोवो किंवा पूर्व तिमोरविषयी अभ्यासक्रमात जे येते त्यातही युद्ध, तात्पुरते सरकार आणि संयुक्त राष्ट्रे हेच तीन शब्द असतात. या तीन शब्दांचीच तिने मोट बांधली होती. हा घोळ तिच्या एकटीचा नाही. चांगल्या जाणत्या माणसांच्या बोलण्यातही तो आढळतो, म्हणून तो सविस्तर सोडवणे मला गरजेचे वाटते.

वरवर पाहता दोन्ही व्यवस्था सारख्याच दिसतात. लढाई संपलेली असते, चौकाचौकांत सैनिक उभे असतात, जुने मंत्री गेलेले असतात आणि एकाच माणसाच्या सहीने कायदे निघत असतात. त्या माणसाला कोणी मत दिलेले नसते आणि तो स्वतःही ‘ही व्यवस्था तात्पुरती आहे’ असेच सांगत असतो. म्हणून रस्त्यावर काय दिसते यावरून फरक कळत नाही. तो कळतो सहीच्या वर काय लिहिले आहे यावरून, म्हणजे हुकूम कोणाच्या नावाने निघतो आणि सही करणारा आपला हिशेब कोणापुढे ठेवतो यावरून.

आधी आपल्याकडचे पाहू. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. 17 तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी संस्थानचे सेनापती एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे रीतसर शस्त्रे खाली ठेवली. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले आणि 1949 सालच्या अखेरीपर्यंत त्यांनी कारभार पाहिला. मुंबई प्रांतातील सनदी अधिकारी डी. एस. बाखले मुख्य नागरी प्रशासक म्हणून आले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत शेजारच्या प्रांतांतून आणलेले अधिकारी बसले. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे की, या सगळ्या काळात मीर उस्मान अली खान हेच संस्थानचे प्रमुख राहिले. लष्करी गव्हर्नरला कारभाराचे अधिकार मिळाले ते निजामाच्याच फर्मानाने. सैन्य दिल्लीचे, हुकूम दिल्लीच्या संस्थान खात्याच्या धोरणाचे, परंतु कायद्याचा उंबरठा मात्र जुनाच.

याचा पुरावा कायद्यांच्या नावातच सापडतो. जहागिरी ज्या कायद्याने खालसा झाल्या तो ऑगस्ट 1949 मधला आहे, परंतु त्याचे नाव ‘हैदराबाद जहागीर निर्मूलन विनियम, 1358 फसली’ असे आहे. भारतीय सेनेतला जनरल राज्य करीत असताना, पिढ्यान्‌पिढ्यांची जहागिरी मोडणारा कायदा निजामाच्या सरकारी पंचांगाप्रमाणे फसली सनात मोजला गेला. मराठवाड्यात जमिनीचे जुने दावे चालवणाऱ्या वकिलांच्या कपाटात असे फसली सनाचे कायदे आजही असतात, आणि फसली सनात 590 किंवा 591 मिळवून इसवी सन काढायची युक्ती त्यांचे कारकूनही जाणतात. चलनाचेही तसेच झाले. सत्ता बदलली तरी बाजारात निजामाचा हाली रुपया आणि भारत सरकारचा कलदार रुपया काही वर्षे बरोबरीने चालत राहिले आणि सौदा ठरवताना ‘हाली की कलदार?’ असे विचारावे लागत असे. जुने राज्य मोडले नाही, त्याचे तोंड फिरवले गेले. आणि ज्या बाजूला ते फिरवले ती बाजू पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. भारताच्या दृष्टीने हैदराबाद हे परकीय राष्ट्र नव्हतेच, म्हणून त्या कारवाईला युद्ध न म्हणता ‘पोलीस ॲक्शन’ म्हटले गेले आणि आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी तोच शब्द राहिला.

मग संयुक्त राष्ट्रांचा संबंध किती? हैदराबाद सरकारने 21 ऑगस्ट 1948 रोजी सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली होती. परिषद तेव्हा पॅरिसमध्ये भरली होती आणि 16 सप्टेंबरला तिने हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतला. म्हणजे शरणागतीच्या आदल्या दिवशी. 22 सप्टेंबरला निजामाने तार करून तक्रार मागे घेतली. पुढे त्या विषयावर परिषदेत भाषणे झाली, परंतु ठराव एकही झाला नाही, निरीक्षक आले नाहीत, आयोग नेमला गेला नाही. चर्चेच्या टेबलावर विषय असणे आणि प्रदेशाचा कारभार हाती असणे यांत किती अंतर आहे, हे याहून स्पष्ट उदाहरणाने सांगता येणार नाही.

आता दुसरी बाजू. युगोस्लाव्हियातील सर्बियाचा प्रांत असलेल्या कोसोवोत सुरक्षा परिषदेच्या 10 जून 1999 च्या ठराव क्रमांक 1244 ने संयुक्त राष्ट्रांचे प्रशासन स्थापन झाले. त्या ठरावाने युगोस्लाव्हियाचे सार्वभौमत्व कागदावर कायम ठेवले आणि त्याच वेळी युगोस्लाव्हियाच्या सरकारकडून तिथला सगळा कारभार काढून घेतला. त्या प्रशासनाच्या पहिल्याच विनियमाने कायदे करण्याचे, अंमलबजावणीचे आणि न्यायदानाच्या व्यवस्थेचे अधिकार महासचिवांच्या विशेष प्रतिनिधीकडे दिले. वाचताना लष्करी गव्हर्नरचीच आठवण होते, परंतु इथे एक मोठा फरक आहे. चौधरी यांच्या हाती सैन्यही होते आणि कचेरीही. कोसोवोत सैन्य नाटोच्या नेतृत्वाखाली वेगळे होते आणि प्रशासक त्याचा सेनापती नव्हता. प्रशासकाला मालकही एक नव्हता: पंधरा सदस्यांची परिषद, आणि त्यांतल्या पाच जणांना नकाराधिकार.

ज्या प्रदेशाचा मालक कोण हेच ठरलेले नाही, तिथे कायदा कोणता चालवायचा हा पहिल्याच आठवड्याचा प्रश्न असतो. संयुक्त राष्ट्रांनी आधी सांगितले की 24 मार्च 1999 रोजी जे कायदे लागू होते तेच चालतील, म्हणजे सर्बियाचे. कोसोवोतल्या अल्बेनियन न्यायाधीशांनी ते मानायला नकार दिला, कारण त्यांच्या लेखी तेच कायदे दडपशाहीचे हत्यार होते. शेवटी डिसेंबर 1999 मध्ये प्रशासनाला मागे जावे लागले आणि प्रांताची स्वायत्तता काढून घेतली जाण्यापूर्वीचा, 22 मार्च 1989 चा कायदा लागू करावा लागला. आपल्याकडे 1358 फसलीचा कायदा बिनतक्रार चालला, कारण नव्या सत्तेला जुन्या कायद्याचे भय नव्हते. ती तो बदलू शकत होती आणि बदलत होती. कोसोवोत कोणत्या तारखेचा कायदा घ्यायचा हे सांगणे म्हणजेच प्रदेश कोणाचा हे सांगणे होते, आणि नेमके तेच सांगायचा अधिकार प्रशासकाला नव्हता.

या दुसऱ्या प्रकारची परंपरा जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीचे सार खोरे राष्ट्रसंघाच्या (संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेच्या) पाच सदस्यांच्या आयोगाने 1920 पासून 15 वर्षे चालवले आणि जानेवारी 1935 च्या सार्वमतात 90 टक्क्यांहून अधिक मते जर्मनीकडे गेली. पश्चिम न्यू गिनीत 1962-63 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जेमतेम सात महिने कारभार पाहिला आणि प्रदेश डचांकडून घेऊन इंडोनेशियाच्या हाती दिला. इंडोनेशियाच्या ताब्यातील पूर्व तिमोरमध्ये लोकांनी ऑगस्ट 1999 मध्ये 78.5 टक्के मतांनी स्वातंत्र्याची बाजू घेतली होती, म्हणून तिथल्या प्रशासनाला आपण कुठे जायचे आहे हे पहिल्यापासून माहीत होते आणि 20 मे 2002 रोजी ते मोकळे झाले.

खरा कस लागतो तो त्रिएस्ते शहराच्या उदाहरणात, आणि माझ्या मते विद्यार्थ्यांनी सर्वांत आधी तेच वाचावे. दुसऱ्या महायुद्धानंतर एड्रियाटिक समुद्राकाठच्या या बंदरावर इटली आणि युगोस्लाव्हिया दोघांचाही हक्क होता. 1947 च्या तहाने त्याचा ‘स्वतंत्र प्रदेश’ केला, हंगामी राजवटीचे नियम तहाच्या परिशिष्टातच लिहिले आणि गव्हर्नर सुरक्षा परिषदेने नेमावा असे ठरवले. परिषदेने ही जबाबदारी जानेवारी 1947 मध्ये ठराव करून स्वीकारलीही. परंतु महासत्तांचे एका नावावर कधीच एकमत झाले नाही आणि तो गव्हर्नर शेवटपर्यंत आला नाही. प्रत्यक्षात ‘अ’ भागात ब्रिटिश-अमेरिकन लष्कर आणि ‘ब’ भागात युगोस्लाव्ह लष्कर कारभार करीत राहिले. ‘अ’ भागात टपालाची तिकिटे इटलीचीच होती, फक्त त्यांवर ‘एएमजी-एफटीटी’ अशी काळी अक्षरे उमटवलेली असत. त्यांचा अर्थ मित्रराष्ट्रांचे लष्करी सरकार, त्रिएस्तेचा स्वतंत्र प्रदेश. कागदावर आंतरराष्ट्रीय प्रशासन, तिकिटावर लष्करी प्रशासन. ऑक्टोबर 1954 मध्ये लंडनमध्ये समझोता होऊन ‘अ’ भागाचा कारभार इटलीकडे आणि ‘ब’ भागाचा युगोस्लाव्हियाकडे गेला.

नावावर विसंबू नये हे इराकनेही दाखवले. 2003 मध्ये तिथल्या अमेरिकी-ब्रिटिश कारभाराच्या नावात ‘हंगामी’ हा शब्द होता आणि सुरक्षा परिषदेचा ठराव 1483 ही त्याच्याविषयी होता. परंतु त्या ठरावाने त्या दोन देशांना ताबा घेणाऱ्या सत्ता म्हणूनच ओळखले. परिषदेने एखाद्या कारभाराची दखल घेतली म्हणून तो कारभार परिषदेचा होत नाही.

हिशेब कोणापुढे, हा प्रश्न केवळ कायद्याचा नाही, आणि मराठवाड्यात तरी तो तसा समजला जाऊ नये असे मला मनापासून वाटते. रझाकारांनी गावेच्या गावे लुटली आणि जाळली, हे आपण दरवर्षी सांगतो आणि ते सांगितलेच पाहिजे. परंतु पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर मुस्लिम वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे आपले जिल्हे सर्वाधिक होरपळलेल्यांपैकी होते. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून गेलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संपूर्ण संस्थानातील मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला. तो अहवाल दिल्लीत पोहोचला आणि प्रसिद्ध न होता अनेक दशके तिथेच राहिला. लष्करी प्रशासनाचा हिशेब ज्याने ते पाठवले त्याच्यापुढे असतो, आणि तो हिशेब उघडा करायचा की नाही हेही तोच ठरवतो.

आंतरराष्ट्रीय प्रशासनात महासचिवांचे अहवाल ठरावीक काळाने परिषदेपुढे येतात आणि ते कोणालाही वाचता येतात, हा त्याचा मोठा गुण आहे. परंतु यावरून तिथल्या माणसाला अधिक न्याय मिळतो असे समजणे घाईचे ठरेल. मार्च 2004 मध्ये कोसोवोत सर्बांविरुद्ध दंगली उसळल्या, 19 माणसे मेली, आणि हजारो परदेशी सैनिक असूनही त्या आवरल्या गेल्या नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांना तिथल्या न्यायालयांत खेचता येत नव्हते, कारण त्यांना संरक्षण देणारा विनियम त्यांच्याच प्रशासनाने केला होता. हिशेब न्यूयॉर्कला जात होता; कोसोवोची राजधानी प्रिस्टिना इथल्या रहिवाशाला त्यात बोलायला जागा नव्हती.

शेवट कसा होतो यातही दोन्हींचा स्वभाव दिसतो. हैदराबादेत नोव्हेंबर 1949 मध्ये निजामाने भारताची राज्यघटना स्वीकारणारे फर्मान काढले, 26 जानेवारी 1950 पासून ते राजप्रमुख (राज्याचे घटनात्मक प्रमुख) आणि सनदी अधिकारी एम. के. वेलोडी मुख्यमंत्री झाले, आणि 1952 च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्ण राव यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. वेलोडी यांच्याच काळातला 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतील जमिनींच्या दाव्यांत अजून चालतो. कोसोवोने 17 फेब्रुवारी 2008 रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. भारताने ते मानलेले नाही. ठराव 1244 ने ते प्रशासन सुरुवातीला 12 महिन्यांसाठी नेमले होते आणि पुढे परिषद वेगळे ठरवेपर्यंत ते चालू राहील असे लिहिले होते. वेगळे ठरवायला नकाराधिकार असलेल्या पाचही देशांची संमती लागते, आणि ती आजवर झालेली नाही.