हे पुस्तक ‘तेच’ का?

‘देशभरातल्या ग्रंथालयांच्या याद्या एका सर्व्हरवर टाकायच्या आणि वर शोधायची चौकट ठेवायची. त्यात कसलं आलंय विज्ञान?’ संयुक्त तालिकेचा, म्हणजे अनेक ग्रंथालयांच्या एकत्रित यादीचा, विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. याद्या एकत्र टाकणं सोपंच आहे. घोडं अडतं ते त्यापुढे. एकाच पुस्तकाच्या चाळीस ग्रंथालयांनी केलेल्या चाळीस नोंदी आत येतात. त्या एकाच पुस्तकाच्या आहेत हे यंत्राला कुणी सांगायचं?

पूर्वी हे काम माणसं करत. अमेरिकेत १९५६ पूर्वीच्या प्रकाशनांची संयुक्त तालिका १९६८ ते १९८१ अशी छापली जात होती. खंड झाले ७५४! त्याआधीच, १९६० च्या दशकात, लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांनी ‘मार्क’ हा संगणकाला वाचता येईल असा नोंदीचा साचा घडवला होता. बाई मूळच्या ग्रंथपाल नव्हेत, प्रोग्रामर. शीर्षक २४५ क्रमांकाच्या रकान्यात, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक ०२० मध्ये, पृष्ठसंख्या ३०० मध्ये. रकाने ठरल्यावर एकाने केलेली नोंद दुसऱ्याला जशीच्या तशी वापरता येऊ लागली. एक ग्रंथालय नोंद लिहितं, बाकीची तिच्याखाली फक्त ‘आमच्याकडेही आहे’ अशी खूण करतात. स्वीडनची लिब्रिस किंवा फ्रान्सची स्यूडॉक ही संयुक्त तालिका याच तत्त्वावर चालते आणि आंतरग्रंथालयीन देवघेव याच खुणांच्या भरवशावर होते.

मग ‘तेच पुस्तक’ ओळखायचं कसं? आयएसबीएनवरून, असं वाटेल. या क्रमांकाचा शेवटचा आकडा पहारेकरी असतो आणि मला त्याचं फार कौतुक आहे. आताच्या तेरा आकडी क्रमांकात आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणतात आणि बेरीज १० ने निःशेष भागली जाईल असा शेवटचा आकडा ठेवतात. एखादा आकडा चुकला की हिशेब फसतो आणि चूक पकडली जाते. पण शेजारचे दोन आकडे उलटसुलट टाइप झाले तर? २ आणि ७ घ्या. २×१ + ७×३ = २३. उलटे केले तर ७×१ + २×३ = १३. फरक बरोबर १०, म्हणजे पहारेकरी झोपलेला! ज्या जोडीत ५ चा फरक आहे, तिथे हे होणारच. जुन्या दहा आकडी क्रमांकात १० ते १ असे उतरते गुणक आणि ११ ने भागाकार होता. तिथे शेजाऱ्यांची कुठलीही अदलाबदल सुटत नसे. शेजारच्या गुणकांत १ चाच फरक असतो, त्याचा हा प्रताप. २००७ पासून तेरा आकडे आले आणि या बाबतीत आपण एक पाऊल मागे गेलो.

शिवाय आयएसबीएन १९७० च्या आसपासचा. त्याआधीच्या पुस्तकांवर तो नाहीच, आणि काही प्रकाशक एकच क्रमांक दोन पुस्तकांना देऊन मोकळे होतात. म्हणून शीर्षक, वर्ष, प्रकाशक, आवृत्ती, पानं असं सगळंच ताडावं लागतं. एका नोंदीत ‘३१२ पानं’, दुसरीत ‘रोमन बारा, मग ३००’. पुस्तक एकच आहे. पहिल्याने प्रस्तावनेची पानं धरून मोजली, दुसऱ्याने वेगळी लिहिली. संगीतकार चायकोव्हस्की तर रोमन लिपीत कुठे ‘टी’खाली सापडतो, कुठे ‘सी’खाली. यासाठी व्यक्तिनामांची वेगळी प्रमाण-यादी ठेवावी लागते.

जुळणीचा निकष किती कडक ठेवायचा, हा खरा पेच. फार कडक ठेवला तर एकच पुस्तक पाच नोंदींत विखुरतं आणि वाचकाला वाटतं, दोनच ठिकाणी आहे. फार सैल ठेवला तर दुसरी आणि तिसरी आवृत्ती एकात विरघळतात. यातली पहिली चूक पुढे कधीही दुरुस्त होते. दुसरीत मात्र कुणाची खूण कोणत्या आवृत्तीवर होती हेच पुसलं जातं, म्हणून शंका आली की नोंदी वेगळ्या ठेवणं बरं. ‘एआयला द्या, क्षणात जुळवेल’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: साम्य शोधण्यात तो तरबेज आहे, पण दोन आवृत्त्यांत साम्य असतंच हो, इथे फरक शोधायचाय.

हा काथ्याकूट कशासाठी, ते जागा संपली की कळतं. ब्रिटनमध्ये ‘यूके रिसर्च रिझर्व्ह’ या ग्रंथालयांच्या सामायिक योजनेने कमी वापराच्या छापील नियतकालिकांच्या किमान तीन प्रती देशात राखायच्या आणि बाकीच्यांनी आपापल्या रद्द करून कपाटं मोकळी करायची असं ठरवलं. असाच नियम पुस्तकांना लावला आणि ग्रंथपालाने तालिकेत पाहिलं, तर तिथे इतर तीन खुणा दिसतात. तो निर्धास्तपणे आपली प्रत रद्दीत काढतो. त्या तीन खुणांतल्या तिन्ही जर दुसऱ्या आवृत्तीच्या निघाल्या, तर रद्दीत गेली ती पहिल्या आवृत्तीची देशातली एकुलती एक प्रत.