दार एक, कुलपं दोन: ऑफिसातला शेअर्ड फोल्डर

ऑक्टोबर २०२४ पासून विंडोज ११ चं २४एच२ अपडेट जसजसं पोचत गेलं, तसतसा छोट्या ऑफिसांतून एक प्रश्न येऊ लागला: कालपर्यंत उघडणारा शेअर्ड फोल्डर आज का उघडत नाही? पडद्यावरचा निरोप सांगतो की, सुरक्षा धोरणानुसार ‘गेस्ट’ला प्रवेश नाही. केबल ठीक, राउटर ठीक, फोल्डरही जागेवर. बिघाड कुठेच नसतो.

अशा ऑफिसात शेअरिंग सुरू करताना ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद केलेलं असतं. त्यामुळे येणारा प्रत्येक जण गेस्ट ठरतो, त्याला कोणी नाव विचारत नाही. विंडोजमध्ये फायलींची ने-आण एसएमबी नावाच्या पद्धतीने होते आणि विंडोज ११ प्रो आता त्यातल्या प्रत्येक संदेशावर डिजिटल सही मागतं, म्हणजे वाटेत कोणी मजकूर बदलला तर लगेच कळतं. ही सही करायची किल्ली लॉगिनच्या वेळी पासवर्डच्या आधाराने तयार होते. गेस्टला पासवर्डच नाही, मग किल्ली कुठून येणार? सही बंद करून गेस्टला पुन्हा आत घेता येतं, पण तो उपाय करू नका. नीट मांडणी करायला तासभरही लागत नाही.

पाच-सहा संगणकांच्या ऑफिसात एक संगणक फायलींसाठी ठरवा. तो वायफायवर नको, केबलनेच राउटरला जोडा. राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये (राउटर इथूनच संगणकांना नेटवर्कवरचे पत्ते वाटतो) त्याचा पत्ता कायमचा राखून ठेवा, समजा १९२.१६८.१.५०. नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ असेल तर ‘प्रायव्हेट’ करा, कारण पब्लिकवर विंडोजची फायरवॉल बाहेरून येणारं शेअरिंग अडवते. फायरवॉल बंद करायची गरज नसते. हा संगणक झोपी गेला की सगळ्यांच्याच फायली गायब होतात, म्हणून पॉवर सेटिंगमध्ये ‘स्लीप’ला ‘नेव्हर’ करा.

आता या संगणकावर प्रत्येक कर्मचाऱ्याचं साधं लोकल खातं आणि पासवर्ड तयार करा. कर्मचारी आपल्या संगणकावर ज्या नावाने आणि पासवर्डने लॉगिन करतो, तेच इथे दिलंत तर त्याला वेगळं काही विचारलं जात नाही. इथे दोन गोष्टींवर हमखास अडतं. चार आकडी पिन फक्त त्याच यंत्रापुरता असतो, नेटवर्कवर तो चालत नाही. आणि पासवर्ड रिकामा ठेवलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही.

फोल्डर डेस्कटॉपवर ठेवू नका, ती कोणा एकाची खाजगी जागा आहे. डी ड्राइव्हवर ‘हिशोब’ नावाचा फोल्डर करा. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘शेअरिंग’ टॅब, ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग’. इथलं ‘परमिशन्स’ हे पहिलं कुलूप. शेजारच्या ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये दुसरं. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही उघडावी लागतात आणि त्यांत जे जास्त कडक असेल तेच चालतं. म्हणून पहिलं सैल ठेवून ‘एव्हरीवन’ला ‘चेंज’ द्या आणि कोणाला काय दिसावं हे दुसऱ्यात ठरवा. दोन्हीकडे बारकावे घातले, तर सहा महिन्यांनी कोण कुठे अडलं हे शोधताना दिवस जातो.

दुसऱ्या कुलपात एक खाच आहे. डी ड्राइव्हवरच्या नव्या फोल्डरला वरून आपोआप ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ हा गट मिळतो आणि त्याला बदल करायची मुभा असते. म्हणजे पगाराचा फोल्डर फक्त मालकासाठी म्हणून केला, तरी खातं असलेला प्रत्येक जण तो उघडू शकतो. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन वरून येणारी परवानगी तोडा, ‘यूजर्स’ आणि ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ काढा, मग हवी ती नावं घाला. ‘सिस्टिम’ आणि ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ मात्र राहू द्या.

इतरांच्या संगणकावर \\१९२.१६८.१.५०\हिशोब हा पत्ता झेड ड्राइव्ह म्हणून जोडा, पत्त्यातले आकडे इंग्रजी टाइप करून. पूर्वी दुसऱ्या नावाने जोडलेलं असेल तर १२१९ क्रमांकाची चूक येते, कारण विंडोज एकाच सर्व्हरकडे एका वेळी एकाच ओळखीने जातं. जुनी जोडणी तोडून साइन आउट केलं की काम होतं.

फाइल उघडते पण फार हळू, अशी तक्रार असेल तर आधी नेटवर्क सेटिंगमध्ये लिंकचा वेग बघा. गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटच्या वेगाला, केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. क्रिम्पिंग करताना, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवताना, एक तार नीट बसली नाही, की जोडणी निमूटपणे १०० वर उतरते. मग १ जीबीची फाइल साधारण दहा सेकंदांऐवजी दीड मिनिट घेते. अशा वेळी संगणक बदलू नका, केबलचं टोक पुन्हा क्रिम्प करा.

जुन्या कॉपियरवरून थेट फोल्डरमध्ये स्कॅन जात नाही म्हणून एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा चालू करायचा सल्ला मिळतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, याच आवृत्तीतल्या भगदाडातून जगभर पसरलं. कॉपियरला एफटीपी (फायली पाठवायची दुसरी एक पद्धत) किंवा ईमेलने स्कॅन पाठवू द्या. विंडोजच्या साध्या, म्हणजे सर्व्हर नसलेल्या, आवृत्तीवर एका वेळी २० च जोडण्या चालतात, हेही लक्षात असू द्या. त्यापुढे छोटा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडायचं फक्त फायली ठेवण्याचं यंत्र, घ्यावा.

एक्सेलची फाइल कोणी उघडली की तिच्या शेजारी ‘~$’ ने सुरू होणारी इवलीशी लपलेली फाइल तयार होते आणि तिच्यात उघडणाऱ्याचं नाव असतं. त्याचा संगणक मध्येच बंद पडला तर ती मागे राहते आणि इतरांना फाइल ‘वापरात’ दिसते. ती व्यक्ती खरंच बाहेर पडली आहे याची खात्री करून ती लपलेली फाइल काढून टाकता येते.

आणि झेड ड्राइव्हवरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती थेट जाते. म्हणून रोज संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरलाही तितकीच दिसते.