धबधबा एकच, प्रिंट दोन

कोकणातल्या मारळच्या मार्लेश्वरला गेलो होतो तेव्हा काढलेला धारेश्वर धबधब्याचा फोटो आम्ही मोठा करून ओटीवर लावला होता. तीन पावसाळ्यांनी फ्रेम उघडली तर फोटोचा वरचा भाग काचेला चिकटलेला. सोडवायला गेलो आणि पाण्याची अख्खी धार काचेवर उतरली. फ्रेमवाल्याने विचारलं, "लॅबची प्रिंट होती की पिगमेंट?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही.

लॅबच्या प्रिंटला सी-प्रिंट म्हणतात. तिच्यात शाई नसतेच. कागदावर जिलेटिनचा थर असतो, त्यात चांदीचे क्षार. त्यावर लेझरने किंवा एलईडीने चित्र उमटवतात आणि कागद रसायनांतून काढतात. रंग त्या थरातच तयार होतात, चांदी निघून जाते. पिगमेंट प्रिंटमध्ये रंगाचे घन सूक्ष्म कण असलेली शाई प्रिंटर कागदावर फवारतो. कागद बहुधा सुती, वजनाला ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपास.

हीच प्रिंट ‘जिक्ले’ या नावाने महाग विकतात. १९९१ मध्ये अमेरिकेत जॅक डुगान यांनी फवारण्याच्या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हा शब्द केला. गंमत अशी की तेव्हाच्या आयरिस नावाच्या इंकजेट प्रिंटरांत विरघळणाऱ्या रंगाची शाई असे आणि ती उजेडात लवकर फिकी पडे. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका, शाई पिगमेंटची आहे का ते विचारा. कोपऱ्यातल्या ३/२५ सारख्या आकड्यावरूनही ते कळत नाही. किती प्रती काढल्या आणि त्यातली ही कितवी, एवढंच तो सांगतो.

ओळखायचं तर भिंग घ्या. पिगमेंट प्रिंटमध्ये फिकट जागी शाईचे बारीक ठिपके दिसतात, सी-प्रिंटमध्ये रंग सलग वाहतो. मागची बाजूही बोलते: सी-प्रिंटची पाठ प्लास्टिकसारखी गुळगुळीत, सुती कागदाची जाड ड्रॉइंग पेपरसारखी.

धबधब्याच्या चित्रात कस लागतो तो पांढऱ्याचा आणि काळ्याचा. मंद शटरने दुधासारखं झालेलं पाणी सी-प्रिंटमध्ये फार मऊ उतरतं, आणि चकचकीत कागदावर ओला कातळ खरोखर ओला दिसतो. सुती मॅट कागदावर तोच कातळ थोडा राखाडी होतो. पण तुषारांचं धुकं, पलीकडची झाडी आणि खिडकीचा उजेड आला तरी न चमकणारा पृष्ठभाग यासाठी मला तोच कागद आवडतो. काळा गडदच हवा असेल तर पिगमेंट प्रिंट बरायटा कागदावर, म्हणजे बेरियम सल्फेटचा लेप असलेल्या कागदावर, काढून घ्यावी.

राहता राहिली आपली हवा. पावसाळ्यात जिलेटिन ओल पिऊन फुगतं, चिकट होतं आणि काच धरून बसतं. सुती कागद तसा चिकटत नाही, पण ओल तोही पितो: लाटा येतात, बुरशी धरते, कसर लागते. शिवाय मॅट पृष्ठभागावर नखाचा ओरखडाही उठतो. त्यामुळे प्रिंट कुठलीही असो, काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, जागा सोडायला सांगा. जांभ्याची बाहेरची भिंत टाळा, आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावा, म्हणजे हवा खेळेल.

धारेश्वर आम्ही पुन्हा छापून घेतला, सुती कागदावर, पिगमेंटमध्ये. आता तो माजघराच्या आतल्या भिंतीवर आहे.