पिरोजी हिमसरोवरे

हिमनदीने दळलेल्या खडकाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहिल्यामुळे निळसर-हिरवी दिसणारी पर्वतीय सरोवरे. कॅनडाच्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातील लुईझ, पेटो व मोरेन आणि न्यूझीलंडमधील पुकाकी व टेकापो ही सरोवरे या रंगासाठी प्रसिद्ध आहेत.

बर्फ स्वतः खडकापेक्षा मऊ असतो. दळण होते ते हिमनदीच्या तळाशी रुतून बसलेल्या दगडगोट्यांमुळे. बर्फाच्या भाराखाली ते खालच्या खडकावर घासत जातात आणि दोन्हींची भुकटी होते. हिला शैलपीठ म्हणतात. त्यातले बहुतेक कण ०.०६ मिमी.पेक्षा बारीक असतात. वितळपाण्याचे ओढे हे पीठ वाहून नेतात तेव्हा ते दुधट, करडे दिसतात. सरोवरात शिरताच प्रवाह मंदावतो आणि वाळू मुखापाशीच बसते. पीठ मात्र बसायला तयार नसते. ०.००२ मिमी. व्यासाचा कण थंड, निश्चल पाण्यात दिवसभरात जेमतेम वीतभर खाली जातो. वाऱ्याने पाणी ढवळले की तेवढेही नाही.

पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषते, हिरवा त्याहून सावकाश आणि निळा सर्वांत कमी. स्वच्छ, खोल सरोवरात प्रकाश खोलवर जातो आणि जो थोडा परत येतो तो निळा असतो, म्हणून पाणी गडद निळे दिसते. शैलपीठ असले की कणांवर आपटून प्रकाश अर्ध्या वाटेतूनच मागे फिरतो. तोवर तांबडा संपलेला असतो, हिरवा मात्र शिल्लक असतो. निळ्यात तो मिसळला की पिरोजी छटा येते. पीठ फार झाले तर पाणी करडे दिसते, फार कमी झाले तर गडद निळे; पिरोजी रंग या दोहोंमधला. हेच पाणी पेल्यात घेतले तर त्यात निळेपण दिसत नाही, फार तर किंचित गढूळपणा जाणवतो.

रंग ऋतूनुसार बदलतो. वितळण सुरू झाली की तो चढतो, उन्हाळ्यात सर्वाधिक खुलतो. हिवाळ्यात पृष्ठभाग गोठून पाणी निवले की बारीक कण अखेर तळ गाठतात. उन्हाळ्याचा जाडसर कणांचा थर आणि हिवाळ्याचा बारीक कणांचा थर अशी वार्षिक जोडी तळाशी साचते. स्वीडिश भूवैज्ञानिक जेरार्ड डी गेअर यांनी अशाच जोड्या मोजून हिमयुगाच्या अखेरचा कालक्रम लावला.

प्रत्येक पिरोजी सरोवर हिमनदीचे नसते. क्रोएशियातील प्लिटविस सरोवरांचा रंग चुनखडीच्या प्रदेशातील पाण्याशी निगडित आहे. उलट, हिमनदी आटून पीठ येणे थांबले, तर आज पिरोजी असलेले सरोवर कालांतराने निवळून गडद निळे होते.