संमिश्र प्रतिसाद : पॉप गायकाचा पहिला अल्बम

पॉप गायक किंवा गायिकेच्या पहिल्या अल्बमबद्दल समीक्षक, श्रोते आणि खपाचे आकडे वेगवेगळे बोलू लागले, की त्याला संमिश्र प्रतिसाद मिळाला असे म्हणण्याची रीत आहे. या एका नावाखाली दोन निराळ्या गोष्टी येतात. कधी सगळेच समीक्षक ‘ठीक आहे’ म्हणून पुढे जातात, तर कधी निम्मे अल्बम डोक्यावर घेतात आणि निम्मे मोडीत काढतात. गुणांची सरासरी काढल्यावर दोन्ही अल्बम सारखेच दिसतात. संगीताच्या इतिहासाला मात्र दुसरा प्रकारच महत्त्वाचा वाटत आला आहे.

२००१ साली सुरू झालेले मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ निरनिराळ्या परीक्षणांचे गुण १०० च्या मापात बसवून त्यांची भारित सरासरी, म्हणजे काही परीक्षणांना जास्त वजन देऊन काढलेली सरासरी, देते. तिथे ४० ते ६० गुणांचा अल्बम ‘संमिश्र’ आणि ६१ च्या पुढचा ‘अनुकूल’ ठरतो. अमेरिकन गायिका लाना डेल रे हिच्या ‘बॉर्न टू डाय’ (२०१२) या अल्बमची सरासरी आहे ६२, म्हणजे नियमाने अनुकूल. पण त्या वर्षीचा गदारोळ आठवणारा कोणीही हे मान्य करणार नाही. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन संगीतविषयक नियतकालिकाने या अल्बमला पाचपैकी दोन तारे दिले, ‘द गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राने चार; ‘पिचफोर्क’ या संगीतविषयक ऑनलाइन नियतकालिकाने दहापैकी ५.५ गुण दिले.

या गदारोळाची सुरुवात अल्बमच्या आधीच झाली होती. २०११ मध्ये ‘व्हिडिओ गेम्स’ हे संथ, तंतुवाद्यांवर तरंगणारे गाणे इंटरनेटवरून पसरले. जुन्या चित्रफितींचे तुकडे जोडून केलेला त्याचा व्हिडिओ घरगुती वाटत होता, आणि ही कुठून तरी अचानक उगवलेली गायिका आहे असा अनेकांचा समज झाला. मग कळले, की एलिझाबेथ ग्रँट हे तिचे मूळ नाव, आधी ती लिझी ग्रँट म्हणून गात असे, आणि २०१० मध्ये तिचा एक अल्बम येऊन बाजारातून मागेही घेतला गेला होता. तिची सगळी प्रतिमा रेकॉर्ड कंपनीने घडवली आहे, हा संशय तिथून पक्का झाला. १४ जानेवारी २०१२ रोजी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ती अवघडून गायली आणि टीकेची झोड उठली. अल्बम आला तो त्या महिन्याच्या अखेरीस. त्यामुळे पुष्कळ परीक्षणांत गाण्यांपेक्षा गायिकेच्या खरेखोटेपणाचाच निवाडा झाला. सूर एकसुरी आहे, त्याच त्या प्रतिमा पुन्हा पुन्हा येतात, ही तक्रार गाण्यांबद्दलची होती आणि तिच्यात तथ्यही होते. पण बाकीच्या कोलाहलात ती हरवली.

श्रोत्यांनी या वादाची फारशी फिकीर केली नाही. ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात सुमारे ७७,००० प्रती खपून तो ॲडेलच्या ‘२१’ पाठोपाठ दुसरा आला. ‘समरटाइम सॅडनेस’ या त्यातल्या गाण्याची सेड्रिक जर्वे या डीजेने केलेली नृत्यलयीतली आवृत्ती २०१३ मध्ये अमेरिकेच्या मुख्य यादीत सहाव्या स्थानापर्यंत चढली.

‘पहिला अल्बम’ म्हणजे नेमका कोणता, हाही प्रश्न यातूनच निघतो. काटेकोर हिशेबात ‘बॉर्न टू डाय’ दुसरा ठरतो. अमेरिकन पॉप गायिका केटी पेरी हिचेही तसेच: २००१ मध्ये केटी हडसन या नावाने तिचा ख्रिस्ती रॉक गाण्यांचा अल्बम आला होता. तरी २००८ चा ‘वन ऑफ द बॉइज’ हाच लोकांच्या लेखी तिचे पदार्पण. मोठ्या कंपनीचा पाठिंबा आणि जाहिरात मिळालेल्या अल्बमलाच बाजार पहिला मानतो. पेरीच्या या अल्बमला समीक्षकांनी थंडे स्वागत दिले, पण त्यातले ‘आय किस्ड अ गर्ल’ अमेरिकेत सलग सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

मतभेदाचे एक कारण अल्बम घडण्याच्या पद्धतीतच असते. एखादे गाणे गाजले की कंपनी घाई करते. वेगवेगळे निर्माते, वेगवेगळ्या वेळचे ध्वनिमुद्रण आणि वेगवेगळे गीतकार एकत्र बांधले जातात. तीन-चार दमदार गाणी आणि उरलेली भरतीची, असा ऐवज तयार होतो. गायकाला अजून स्वतःचा सूर सापडलेला नसतो, म्हणून सगळे प्रकार थोडे थोडे करून पाहिलेले असतात. गाजलेले गाणे ऐकून आलेला श्रोता त्याच गाण्याच्या मापाने बाकीची मोजतो. समीक्षकाला संपूर्ण अल्बम तोलायचा असतो, तोही बहुधा मोजक्या वेळा ऐकून.

दुसरे कारण समीक्षेच्या स्वभावात आहे. स्वतः लिहून, स्वतः वाजवून गाणारा तो अस्सल आणि नटूनथटून दुसऱ्याने रचलेले गाणारा तो बनावट, अशी एक समजूत रॉक संगीतावरच्या लेखनातून चालत आली. तिला ‘रॉकिझम’ म्हणतात. संगीत समीक्षक केलेफा सॅनेह यांनी २००४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये तिच्यावर लिहिलेला लेख पुष्कळ चर्चिला गेला. पॉप गायिकांच्या वाट्याला ही समजूत अधिक येते. त्यांचे कपडे आणि ओठ जितक्या बारकाईने तपासले जातात, तितके पुरुष गायकांचे क्वचितच.

पारितोषिकांचे निकष पुन्हा वेगळे. ब्रिटिश गायक सॅम स्मिथच्या ‘इन द लोनली अवर’ (२०१४) या पहिल्या अल्बमवर आवाज अप्रतिम पण गाणी फार जपून बेतलेली, अशी कुरकुर बऱ्याच परीक्षणांत होती. २०१५ च्या ग्रॅमी सोहळ्यात स्मिथला चार पारितोषिके मिळाली, त्यांत सर्वोत्तम पॉप गायन अल्बमचेही.

पुनर्मूल्यांकन होते ते थोड्यांच्याच बाबतीत, आणि बहुतेक वेळा नंतरच्या कामामुळे. डेल रेच्या २०१९ च्या अल्बमला ‘पिचफोर्क’ने ९.४ गुण दिले, तेव्हा तिची एकसुरी वाटणारी शैली मुद्दाम घडवलेली होती हे समीक्षकांना मागे वळून दिसले. ऑक्टोबर २०२१ मध्ये याच नियतकालिकाने आपल्या १९ जुन्या परीक्षणांचे गुण बदलले. ‘बॉर्न टू डाय’ ५.५ वरून ७.८ वर आला. त्याच यादीत इंटरपोल या न्यूयॉर्कच्या रॉक वाद्यवृंदाचा २००२ चा पहिला अल्बम, ज्याचे तेव्हा एकमुखाने कौतुक झाले होते, ९.५ वरून ७.० वर उतरला.